शेकडा दहा वाढतात

मागच्या महिन्यात सेनगावजवळच्या गोरेगावच्या बाजारात एक माणूस मला आडवा आला. दाढी वाढलेली, खांद्यावर पोतं. माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "मास्तरसाब, वळखलं न्हाई ना? दुसऱ्या बाकावर बसायचो मी." मग पोतं खाली ठेवून तिथंच शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला आणि त्यानं म्हणून दाखवलं. चारशे बांगड्यांची पेटी, किंमत रुपये दहा, शेकडा दहाचा इजाफा, आण्याला दोन बांगड्या, तर रुपयामागं नफा किती? उत्तर, सहा आणे. "वीस वर्षं झाली, पण तोंडपाठ हाय बघा," तो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि "शाबास" म्हणालो.

शाबास म्हणायला नको होतं. ते उत्तर चूक आहे. त्या गणितातलं चिन्हच चूक आहे, आणि ते मला गणित घातल्यापासून दोन महिन्यांत कळलं होतं. घरी आल्यावर दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. म्हणून हे लिहीत आहे.

मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांचा होतो. लढाई चालू होती, राज्य निजामाचं होतं. सेनगावकडच्या एका बाजाराच्या गावात मी मदतनीस मास्तर होतो, नोकरी कच्ची होती. वरचे वर्ग उर्दूतून चालत. पोरं घरी मराठी बोलत, खेळताना मराठीत भांडत आणि वर्गात आली की उर्दूत शिकत. बीजगणितात जिथं आता आपण क्ष लिहितो तिथं आम्ही 'ला' लिहायचो. मला ते सगळं सोपं जायचं, कारण मी स्वतः लहानपणापासून असाच शिकलो होतो. आई मी तीन वर्षांचा असताना गेली. बहीण नव्हती. वडिलांनी मला बोर्डिंगात टाकलं, तिथं स्वयंपाकीसुद्धा पुरुषच. हे सांगतो ते माझी कीव यावी म्हणून नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ तिथं आहे.

मला गणितं बनवायचा नाद होता. पुस्तकातली गणितं म्हणजे कुठल्यातरी सौदागरानं घोडे विकत घेतलेले, नाहीतर हौदाला दोन नळ बसवलेले. आमच्या पोरांनी हौदही पाहिला नव्हता आणि नळही नाही. मी म्हणायचो, गणित गावातलं पाहिजे. तेल्याच्या घाण्यावर जायचो, पेंडीची ढेप कशी पडते ते विचारायचो. कुंभारणीला मडक्यांचा भाव विचारायचो. लोक हसायचे, पण सांगायचे. मास्तरला माहीत नाही आणि आपल्याला माहीत आहे, याचं त्यांना बरं वाटत असावं.

तालीम म्हणजे शिक्षण खात्याचे साहेब शाळा तपासायला येणार होते. त्यांच्यासाठी एक चांगलं नफ्याचं गणित हवं होतं, म्हणून मी मनियारचाचाकडे गेलो.

चाचा म्हणजे गावातला बांगडीवाला. वेशीजवळच्या लिंबाखाली त्याचा ओटा होता. तो आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघंच. वाशिमहून पेट्या आणायच्या, थोरल्यानं ओट्यावर बसून बांगड्या भरायच्या, धाकट्यानं पाठीवर गाठोडं घेऊन खेडी फिरायची. दोघांची कमाई एकाच डब्यात. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं. संध्याकाळी धाकटा परत आला की चाचा ओट्यावरूनच ओरडायचा, "आ गया क्या रे?" आणि तो आल्याशिवाय जेवायला उठायचा नाही, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. आईबाप गेल्यावर चाचानंच त्याला वाढवला होता.

मी गेलो तेव्हा चाचा एका म्हाताऱ्या बाईचा हात दाबून बांगडी चढवत होता.

"हळू की वो चाचा, हात हाय का लाकूड?"

"लाकूडच हाय माय. लाकडाला निदान तेल तरी लागतं."

बाई हसली आणि हात सैल पडला तेवढ्यात बांगडी सरकली. ती गेल्यावर मी वही काढली. पेटीत किती? चारशे. पेटी केवढ्याला? धा रुपयाला. विकता कशा? आण्याला दोन.

"आणि चाचा, चारशेच्या चारशे विकतात?"

"चारशे कुठल्या मास्तरसाब. शेकडा दहा तर वाढत्यातच."

मी लिहून घेतलं, शेकडा दहा वाढतात. मला वाटलं, भाजीवाली जशी वरून मूठभर टाकते तसा घाऊक व्यापारी पेटीत वरून काही टाकत असेल. मला आनंदच झाला. गणिताला एक जादा पायरी मिळाली होती. घरी जाऊन मी ते उर्दूत उतरवलं आणि 'वाढतात'ला 'इजाफा', म्हणजे भर, असं लिहिलं.

चारशेत चाळीस मिळवले, चारशे चाळीस. आण्याला दोन म्हणजे दोनशे वीस आणे. पेटी एकशे साठ आण्यांची. रुपयामागं नफा 'ला' आणे धरला, तर दहा रुपयांवर दहा 'ला'. एकशे साठ अधिक दहा 'ला' बरोबर दोनशे वीस. 'ला' बरोबर सहा. किती स्वच्छ उत्तर! कुठं पाव नाही, पाई नाही. स्वच्छ उत्तर आलं की गणित बरोबर असतं असं मला तेव्हा वाटायचं.

साहेब आले. दुसऱ्या बाकावरच्या पोरानं फळ्यावर न अडखळता ते सोडवलं. साहेबांनी विचारलं, हे कुठल्या किताबातलं? मी म्हणालो, "गावातलं आहे, हुजूर." साहेबांनी ते आपल्या वहीत उतरवून घेतलं आणि जाताना मुख्याध्यापकांना सांगून गेले की या मास्तरांची कायम नोकरीसाठी शिफारस करा. त्या रात्री मी वडिलांना पत्र लिहिलं.

पोरांनी गणित घरी नेलं. गणित घरी जावं अशीच माझी इच्छा होती. आया-बहिणींना ते उर्दूतलं शेकडा, इजाफा काही कळलं नाही. पण सहा आणे कळले. रुपयामागं सहा आणे! आठ दिवसांत चाचाला नवं नाव पडलं. बायका ओट्यावर बसताना म्हणायच्या, "काय वो सहाआणे, आज तरी एक बांगडी वर द्या." एकीनं तर पैसे मोजताना विचारलं, "ह्याच्यातले तुमचे किती, अन् बांगडीचे किती?" चाचा हसून घ्यायचा. बांगडीवाल्याला हसून घ्यावंच लागतं. मीही वेशीवरून जाताना ते ऐकायचो आणि मनातून सुखावायचो की माझं गणित गावाच्या तोंडी बसलं.

मग एका सकाळी मी ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो त्या घरमालकीणबाई पाणी घेऊन आल्या. त्यांच्या मनगटावर चिंधी बांधलेली होती. मी विचारलं, काय झालं?

"काही न्हाई वो. मुसळ लागलं. दोन बांगड्या वाढल्या."

"वाढल्या? कुणी दिल्या?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग घागर खाली ठेवून पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. "अगं माय! मास्तर, तुमच्या घरात बाईमाणूस नव्हतं काय कधी? बांगडी कधी तसली होते काय? तसलं बोलत न्हाईत. बांगडी वाढते. काच लागली हाताला, दिसत न्हाई का?"

फुटली हा शब्द त्यांनी समजावतानाही उच्चारला नाही.

नारळ वाढवतात हे मला माहीत होतं. शंभर वेळा म्हटलं असेल मी ते. तरीही चाचा बोलला तेव्हा मला शाळेतलं वाढणं ऐकू आलं. वर्गातल्या कुठल्याही पोराला ते मराठीतून सांगितलं असतं, तर त्यानं तिथल्या तिथं सांगितलं असतं की मास्तरसाब, वाढली म्हणजे गेली. मी इजाफा लिहून त्यांचीही वाट बंद केली होती.

मी खोलीत जाऊन मांडलं. चारशेतून चाळीस गेले. तीनशे साठ. एकशे ऐंशी आणे. 'ला' बरोबर दोन. रुपयामागं दोन आणे, आणि त्यात वाशिमची ये-जा, वाटेवरच्या नाक्याची जकात, दोन घरांची पोटं. भरताना जी वाढेल तिचा पैसा मनियार बाईकडून घेत नाही, तशी रीतच आहे.

आता सांगून टाकायचं, असं मी ठरवलं. उद्या फळ्यावर दुरुस्ती. पण शिफारशीचा कागद वर गेलेला होता आणि साहेबांच्या वहीत ते गणित होतं. मी म्हटलं, हुकूम हातात येऊ दे. चार-सहा दिवसांचा प्रश्न आहे. बांगडीवाल्याचं हसं होतंय, त्यानं कुणाचं काय जातं?

तिसऱ्या दिवशी चाचा शाळेत आला. वर्ग भरलेला होता. दाराबाहेर वहाणा काढून तो उंबऱ्याच्या आत येऊन उभा राहिला, हातात टोपी.

"मास्तरसाब, तकलीफ देतो. ते सहा आण्याचं जरा मलाबी दावा. गाव म्हणतंय सहा आणे, अन् घरी डब्यात तर दिसून न्हाई राहिले. मीबी बघतो कुठं बसल्यात ते."

पोरं हसली. तोही हसला. तो भांडायला आला नव्हता. त्याला खरंच बघायचं होतं.

त्या वेळी मी काय करायला हवं होतं ते सांगायची गरज नाही. मी खडू घेतला. चारशे लिहिले. आणि मग त्याच्याकडे वळून मराठीत विचारलं, "चाचा, शेकडा दहा वाढतात, तुम्हीच सांगितलं ना?"

"व्हय मास्तरसाब. वाढत्यात. दहा तर वाढत्यातच."

मी अधिकची फुली काढली आणि चाळीस लिहिले.

हीच ती गोष्ट. पहिल्यांदा तो शब्द मी चुकून घेतला होता. दुसऱ्यांदा मी तो जाणून वापरला. तो म्हणाला ते खरं होतं, मी विचारलं तेही वरवर खरं होतं, आणि त्या दोन खऱ्यांच्या मधे मी लपलो. दुसऱ्या बाकावरच्या पोरानं मान वर केली. या वेळी शब्द मराठीत आला होता. तो म्हणाला, "मास्तरसाब, पण बांगडी वाढते म्हंजी..." मी म्हणालो, "खाली बस." तो बसला. बाजारात मागच्या महिन्यात भेटला तो हाच. त्याला ते आठवत नाही. त्याला फक्त उत्तर आठवतं.

चाचानं फळा शेवटपर्यंत पाहिला. आकडे त्याला वाचता येत नव्हते, पण एकेक ओळ बोटानं हवेत गिरवावी तसा तो बघत होता. शेवटी म्हणाला, "बराबर हाय ना?"

"बराबर आहे."

"तुमी म्हणता म्हंजी बराबरच असंल. साहेबांनीबी बघितलं म्हणत्यात." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "मंग मास्तरसाब, चार आणे कुठं तरी सांडून राहिले माझे."

तो वहाणा घालून गेला. मला वाटलं, संपलं.

चाचानं ते चार आणे शोधायला घेतले. स्वतःच्या हातून तर ते जात नव्हते, ओटा त्याच्या डोळ्यांसमोर होता. मग राहिलं धाकट्याचं गाठोडं. महिनाभरानं घरमालकीणबाईंनीच मला सांगितलं की मनियारांच्या घरात आवाज वाढले आहेत. थोरला रोज संध्याकाळी धाकट्याचं गाठोडं सोडून बांगड्या मोजायला लागला होता. किती नेल्या, किती आणल्या, कुठल्या गावात किती गेल्या. धाकटा म्हणायचा, भाईजान, वाटेत वाढतात, पाठीवरून न्यायच्या म्हणजे वाढणारच. चाचा म्हणायचा, "मास्तरसाबनं वाढलेल्या धरूनच हिशोब केलाय."

हे वाक्य बाईंनी मला जसंच्या तसं सांगितलं. मी ताटावर बसलो होतो.

एका बाजारच्या दिवशी धाकट्यानं सगळ्यांसमोर गाठोडं ओट्यावर ठेवलं, खिसे उलटे करून दाखवले आणि म्हणाला, "देखो भाईजान. और कहाँ देखना है, बोलो." चाचा नुसता मान खाली घालून राहिला असता तरी चाललं असतं, पण लोक सांगतात की त्यानं खरंच त्या उलट्या खिशांकडे नीट पाहिलं. धाकटा बायकोपोरं घेऊन त्याच आठवड्यात गेला. कुणी परभणी म्हणालं, कुणी त्याच्याही पुढं.

मी अजूनही सांगू शकलो असतो. हुकूम आला नव्हता. मग हुकूम आला, आणि त्याबरोबर बदलीही आली, कुरुंद्याला. निघताना मी वेशीवरून गेलो नाही, मागच्या वाटेनं गेलो.

कुरुंद्यात मी चार वर्षं होतो. नफा-तोट्याचा धडा दर वर्षी आला. मी पुस्तकातलेच घोडे विकत राहिलो. गावातली गणितं बनवणं बंद केलं. हळदीच्या गावात हळदीचं गणित नाही म्हणून एकदा मुख्याध्यापकांनी विचारलंही. मी म्हणालो, पुस्तकातलं बरं असतं.

निजामाचं राज्य गेलं त्या वर्षाच्या शेवटी मी त्या गावी गेलो. कामासाठी म्हणून गेलो, पण काम नव्हतं. आधीचे महिने वाईट गेले होते. कोण कुठं गेलं, कोण परत येणार, काही पत्ता नव्हता. मला वाटलं होतं ओटा रिकामा असेल. पण चाचा तिथंच होता. डोळे अधू झालेले, पुढ्यात एकच पेटी, तीही अर्धी.

"कोण? मास्तरसाब! या, या. कुरुंद्याचं पाणी मानवलं म्हणायचं."

मी बसलो. धाकट्याचं विचारलं. चाचा म्हणाला, "काही कळलं न्हाई. दोन वर्षाखाली एक जण म्हणला पाहिला म्हणून. आता ह्या धामधुमीत काय इचारायचं कुणाला."

मग मी सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, बोर्डिंगपासून घरमालकीणबाईंपर्यंत. त्याला कळलं की नाही ते समजेना. म्हणून मी ओट्याखालच्या फुफाट्यात बोटानं मांडलं. चारशे. आडवी रेघ. चाळीस. "चाचा, वाढलेल्या वजा करायच्या असतात. मी मिळवल्या. रुपयामागं दोनच आणे सुटत होते तुम्हाला. तेवढेच डब्यात येत होते. कुणीही काही घेतलं नव्हतं. आणि तुम्ही शाळेत आलात, तेव्हा मला हे माहीत होतं."

तो खाली वाकून बघत राहिला. त्याला एवढ्या जवळून तरी दिसत होतं की नाही कुणास ठाऊक. मला वाटलं तो मारेल. त्यानं मारावं असंच वाटत होतं.

"दोन आणे," तो म्हणाला.

"दोन."

"म्हंजी धाकटा बराबर बोलत व्हता."

मी मान हलवली. मग ती त्याला दिसली नसेल म्हणून "हो" म्हणालो.

एक बाई लेकराला घेऊन आली, त्यानं तिला हातानंच थांब म्हणून खूण केली. मग वाकून तो फुफाट्यात चाचपडला. त्याचं बोट माझ्या आडव्या रेघेवर थांबलं.

"बोर्डावर तवा हितं फुली व्हती," तो म्हणाला. "मी बघितली व्हती. साऱ्या पोरांनी बघितली. साहेबांनी बघितली."

"ती चूक होती, चाचा."

"न्हाई मास्तरसाब. चूक नसंल. तुमी वाटेनं थकलाव, इसरून राहिलाव." त्यानं त्या आडव्या रेघेवरून बोटानं हळूच एक उभी रेघ ओढली. "हे असंच राहू द्या. आता एवढ्या वर्षांनी त्याला कुठं हुडकू मी? अन् सापडला तर काय सांगू?"

मी ती फुली पुसली नाही. चाचानं बाईला जवळ बोलावलं, लेकराचा हात हातात घेतला, आणि अंदाजानं माप घेऊन पेटीतल्या बांगड्या चाचपायला लागला.